पुन्हा पुन्हा भरणारी थायरॉइडची द्रवगाठ: इथेनॉलची दोन सत्रं आणि बसलेला आवाज

थायरॉइडच्या द्रवगाठीत इथेनॉल, म्हणजे शुद्ध अल्कोहोल, सोडणं ही आता नवी गोष्ट राहिलेली नाही. १९९० च्या आसपासपासून ही पद्धत वापरात आहे. नीट निवडलेल्या रुग्णांमध्ये ती शस्त्रक्रिया टाळू शकते, आणि माझा तिच्यावर विश्वास आहे. म्हणूनच जिथे गाठ बरी झाली, पण रुग्णाचा आवाज काही आठवडे गेला, असं एक प्रकरण मी सविस्तर मांडतो आहे. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत.

पार्श्वभूमी

रुग्ण ४४ वर्षांच्या, शाळेत शिकवणाऱ्या बाई. गळ्याच्या डाव्या बाजूला, गिळताना वरखाली होणारी गाठ. दुखत नव्हती, पण घास गिळताना काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं आणि समोरच्या माणसाची नजर आधी गळ्याकडे जायची. दुसऱ्या गोष्टीचा त्रास पहिल्यापेक्षा जास्त होता, हे त्यांनी तिसऱ्या भेटीत सांगितलं.

सोनोग्राफीत डाव्या भागात ४.४ × ३.२ × २.९ सेंटिमीटरची गाठ होती. तिन्ही मापांचा गुणाकार करून त्याला ०.५२ ने गुणलं की घनफळ मिळतं. इथे ते साधारण २१ मिलिलिटर आलं. गाठीचा ९० टक्क्यांहून अधिक भाग द्रव होता आणि एका भिंतीला घन पेशींची बारीक पट्टी होती. थायरॉइडचं काम कसं चालू आहे हे दाखवणारी रक्ततपासणी, टीएसएच, सामान्य.

आमच्याकडे येण्याआधी दोनदा सुईने पाणी काढून झालं होतं. पहिल्यांदा गाठ दीड महिन्यात भरली, दुसऱ्यांदा तीन महिन्यांत. हे अपेक्षितच असतं. फुग्यातली हवा काढली तरी फुगा जागेवरच राहतो, तसं इथे होतं: द्रव निघतो, पण तो तयार करणारी भिंत तशीच राहते. शिवाय आतला दाब अचानक कमी झाला की भिंतीतल्या नाजूक रक्तवाहिन्या पाझरतात आणि पोकळी रक्तमिश्रित द्रवाने भरू लागते. गाठ जितकी मोठी आणि पाणी जितक्या वेळा काढलेलं, तितकी ती पुन्हा भरण्याची शक्यता जास्त.

नेमकी अडचण

पहिला प्रश्न उपचाराचा नव्हताच. ही गाठ कर्करोगाची नाही, हे कशावरून?

आधीच्या दोन्ही वेळी तपासणीला फक्त द्रव पाठवला होता आणि अहवाल होता ‘निदानास अपुऱ्या पेशी’, म्हणजे बेथेस्डा पद्धतीतला (थायरॉइडच्या पेशी-तपासणीचे अहवाल गटांत मांडायची पद्धत) पहिला गट. रुग्ण आणि नातेवाईक हा अहवाल ‘काही सापडलं नाही’ असा वाचतात, आणि यांच्या घरीही तसाच वाचला गेला होता. प्रत्यक्षात त्यातून काहीच ठरत नाही. पॅपिलरी प्रकारचा कर्करोग क्वचित द्रवगाठीच्या रूपात लपतो आणि तेव्हा त्याच्या पेशी द्रवात नाही, तर भिंतीला चिकटलेल्या घन भागात सापडतात.

म्हणून सोनोग्राफीत बघत त्या बारीक पट्टीतूनच नमुना घेतला. अहवाल बेथेस्डा दुसरा गट, म्हणजे सौम्य. मानेतल्या लसिकाग्रंथीही साफ होत्या. द्रव गडद तपकिरी होता, जुन्या रक्तस्रावानंतर असतो तसा. द्रव पाण्यासारखा नितळ निघाला असता, तर ही गाठ पॅराथायरॉइडची, म्हणजे थायरॉइडमागच्या छोट्या ग्रंथींची, असू शकते म्हणून त्यातल्या पॅराथायरॉइड हार्मोनची पातळी आधी मोजावी लागली असती. ती गरज इथे नव्हती.

पर्याय

काहीच न करणं हा खरा पर्याय होता आणि आम्ही तो पहिला मांडला. सौम्य द्रवगाठ सोडून दिली तर जिवाला धोका नसतो. काही गाठी आपोआप लहानही होतात. पण बाईंना त्रास होता आणि तो दोन वर्षं होता.

तिसऱ्यांदा नुसतं पाणी काढणं हा दुसरा. इतक्या लवकर दोनदा भरलेली गाठ तिसऱ्यांदा भरणार नाही, असं मानायला आधार नव्हता. थायरॉक्सिनच्या (थायरॉइड हार्मोनच्या) गोळ्यांनी अशी गाठ विरत नाही, त्यामुळे ती चर्चा लगेच संपली.

शस्त्रक्रियेत थायरॉइडचा डावा अर्धा भाग काढावा लागला असता. गाठ कायमची गेली असती आणि सगळा भाग तपासायला मिळाला असता, हे मोठे फायदे. पण पूर्ण भूल, गळ्यावर व्रण, स्वररज्जूच्या नसेला थोडा धोका, आणि अर्धी ग्रंथी काढलेल्यांपैकी साधारण पाचांतल्या एकाला नंतर थायरॉइड कमी पडतं. सौम्य गाठीसाठी ही किंमत बाईंना जास्त वाटली. मलाही.

रेडिओफ्रीक्वेन्सीचा, म्हणजे सुईतून विद्युतलहरींची उष्णता देण्याचा, विचार झाला, पण ती उष्णता घन भाग जाळण्यासाठी जास्त कामाची. जवळजवळ पूर्ण द्रव असलेल्या गाठीत इथेनॉल आधी वापरावं, याबद्दल बहुतेक तज्ज्ञांचं एकमत आहे.

उरलं इथेनॉल. ९५ ते ९९ टक्के शुद्धतेचं निर्जंतुक इथेनॉल पोकळीत गेलं की भिंतीच्या पेशींतलं पाणी शोषलं जातं, प्रथिनं गोठतात, बारीक रक्तवाहिन्या बंद होतात आणि मृत भिंती हळूहळू तंतूंनी एकमेकींना चिकटतात. अमेरिकन थायरॉइड असोसिएशनच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांमध्येही, पुन्हा पुन्हा भरणाऱ्या सौम्य द्रवगाठीचा त्रास होत असेल तर शस्त्रक्रिया किंवा इथेनॉल यांचा विचार करावा असं म्हटलं आहे.

२००३ साली प्रसिद्ध झालेली एक डॅनिश चाचणी मी अशा प्रत्येक रुग्णाला समजावून सांगतो. पुन्हा भरलेल्या द्रवगाठींच्या ६६ रुग्णांपैकी निम्म्यांना इथेनॉल आणि निम्म्यांना नुसतं सलाइन दिलं. कोणाला काय दिलं हे रुग्णाला माहीत नव्हतं. इथेनॉलच्या गटात ८२ टक्के बरे झाले, सलाइनच्या गटात ४८ टक्के. पहिला आकडा सगळे सांगतात. दुसराही तितकाच बोलका आहे: पाणी काढून, पोकळी धुऊन, वाट बघूनही जवळजवळ निम्म्या गाठी आटतात. या प्रकरणात पुढे हाच आकडा आठवायला हवा होता.

पहिलं सत्र

रक्त पातळ करणारी कोणतीही गोळी चालू नाही, याची खात्री केली. संमतीपत्रात वेदना, रक्त साकळणं, गाठीत पुन्हा रक्तस्राव, आवाज बसणं, क्वचित थायरॉइड हार्मोन काही दिवस वाढणं आणि अगदी विरळा म्हणजे आजूबाजूची त्वचा किंवा स्वरयंत्राच्या पेशी मरणं, हे सगळं होतं. एकाहून अधिक सत्रं लागू शकतील, हेही सांगितलं.

त्वचा आणि ग्रंथीचं आवरण लिग्नोकेनने बधिर केलं. सुई मानेच्या मध्यातून, ग्रंथीच्या दोन भागांना जोडणाऱ्या पुलातून डावीकडे नेली. या वाटेला कारण आहे. सुईचा बराच भाग थायरॉइडच्या ऊतीतून जातो, त्यामुळे रुग्णाने आवंढा गिळला तरी ती फारशी हलत नाही आणि बाहेर काढताना इथेनॉल मागे ओघळण्याची शक्यता कमी होते. द्रव घट्ट होता म्हणून १८ गेजची जाड सुई घेतली. १९ मिलि निघाला. सलाइनने पोकळी धुतली आणि मग ९ मिलि इथेनॉल हळूहळू सोडलं. काढलेल्या द्रवाच्या साधारण निम्मं आणि एका वेळी १० मिलिच्या आत, असा आमचा नियम आहे. सुईचं टोक शेवटपर्यंत पोकळीच्या मधोमध दिसत होतं. काही मिनिटांनी बरंचसं इथेनॉल परत ओढून घेतलं.

जबड्याकडे जाणारी जळजळ झाली आणि काही मिनिटांत ओसरली. चेहरा थोडा लाल झाला. बाई तासाभराने घरी गेल्या.

दुसऱ्या सत्राचा निर्णय

एका महिन्याने गाठ २.६ × १.९ × १.६ सेंटिमीटर होती, साधारण ४ मिलि. म्हणजे ८१ टक्के घट. ५० टक्क्यांच्या वर घट झाली की उपचार यशस्वी मानतात. गिळतानाचा अडथळा गेला होता. गळ्याकडे बघून गाठ दिसत नव्हती, बोटाने चाचपली तर लागायची.

बाई म्हणाल्या, “शाळेला सुट्टी आहे तोवर राहिलंय तेही संपवून टाकू या, डॉक्टर. पुन्हा भरली तर?” भीती रास्त होती, दोनदा अनुभवलेली होती. आम्हालाही पडद्यावर तो काळा ठिपका दिसत होता. दुसरं सत्र ठरलं.

या प्रकरणाचा खरा वळणबिंदू मला इथे दिसतो, सुई टोचली त्या क्षणी नाही. त्या दिवशी तीन गोष्टी आमच्यासमोर होत्या. एक, तक्रार जवळपास संपलेली होती. दोन, इथेनॉलनंतर गाठ तीन ते सहा महिने आटत राहते आणि पहिल्या महिन्यात दिसणारा द्रव बऱ्याचदा मेलेल्या भिंतीची प्रतिक्रिया असतो, तो पुन्हा भरल्याची खूण असेलच असं नाही. तीन, गाठीचा आकार आणि जागा दोन्ही बदलले होते. आकसताना ती मागे सरकली होती, आत पडदे तयार झाले होते आणि तिची मागची भिंत आता श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामधल्या खाचेला टेकली होती. स्वररज्जू हलवणारी नस त्याच खाचेतून वर जाते.

२१ मिलिच्या गाठीत सुईच्या टोकाभोवती सगळ्या बाजूंनी सेंटिमीटरभर मोकळी जागा असते. ४ मिलिच्या, पडदे असलेल्या गाठीत ती काही मिलिमीटर उरते. म्हणजे फायदा कमी झाला होता आणि धोका वाढला होता, तरी प्रक्रिया तीच, म्हणून ती सोपीच असणार असं गृहीत धरलं गेलं.

दुसरं सत्र आणि गुंतागुंत

या वेळी जेमतेम अडीच मिलि चिकट द्रव निघाला. १.२ मिलि इथेनॉल द्यायचं ठरलं. निम्मं जाईपर्यंत बाई शांत होत्या. मग एकदम ठसका लागला, कानापर्यंत कळ गेली आणि सोनोग्राफीच्या पडद्यावर गाठीच्या मागच्या कडेबाहेर पांढरी रेघ पसरताना दिसली. इथेनॉल सोडताना तयार होणारे सूक्ष्म बुडबुडे असे पांढरे दिसतात. ते पोकळीत फिरत असले तर ठीक, कडेबाहेर दिसले तर इथेनॉल बाहेर चाललं आहे. त्याच क्षणी सोडणं थांबवलं, पोकळीत उरलेलं परत ओढलं आणि सुई काढली.

दहा मिनिटांनी आवाज घोगरा आणि फुसका झाला.

पहिलं काम म्हणजे मानेत रक्त साठत नाही ना, हे बघणं. सूज नव्हती, श्वासाला आवाज नव्हता, ऑक्सिजनची पातळी ठीक होती. दुसरं, लिग्नोकेनचा विचार. बधिर करणारं औषध मागे झिरपलं तर त्यानेही नस तात्पुरती बंद पडते आणि काही तासांत आवाज परत येतो. त्यामुळे लगेच नस दुखावल्याचं सांगण्यात अर्थ नव्हता. पण “काही नाही, होईल ठीक” म्हणून घरी पाठवणंही योग्य नव्हतं. बाईंना दोन्ही शक्यता सांगितल्या आणि संध्याकाळपर्यंत थांबवून घेतलं. संध्याकाळी आवाज तसाच होता. पाणी पिताना ठसका लागत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी नाकातून लवचिक दुर्बीण घालून पाहिलं. डावी स्वररज्जू हलत नव्हती. उजवी पूर्ण हलत होती, म्हणून श्वासमार्गाला धोका नव्हता.

पुढचे आठवडे

पाणी एकेक घोट, हनुवटी खाली आणि मान डावीकडे, म्हणजे अशक्त बाजूला वळवून प्यायला शिकवलं. त्याने श्वासमार्गात पाणी जाण्याची शक्यता कमी होते. कुजबुजत बोलू नका, असंही सांगितलं. कुजबुजण्याने घशाला विश्रांती मिळते असा समज आहे, पण त्यात अनेकदा घशावर अधिक ताण येतो. वाचा-उपचारतज्ज्ञांकडे पहिल्याच आठवड्यात पाठवलं. स्टेरॉइडचा छोटा कोर्स दिला, पण सुधारणेचं श्रेय मी त्याला देणार नाही.

शाळा सुरू झाली तेव्हा आवाज आला नव्हता. बाईंना रजा वाढवावी लागली. त्या काळात त्यांनी एकदा चिडून विचारलं, “आवाज बसू शकतो हे तुम्ही सांगितलं होतं. इतके दिवस बसू शकतो, हे कुठे सांगितलंत?” प्रश्न बरोबर होता. आमच्या मनात ‘तात्पुरता’ म्हणजे आठवडे ते काही महिने होतं, त्यांच्या मनात दोन-चार दिवस. आवाजावर पोट असलेल्या माणसासाठी त्या दोन समजुतींत शाळेचं पूर्ण एक सत्र शिकवण्याचा फरक पडतो.

तिसऱ्या आठवड्यात ठसका थांबला. सहाव्या आठवड्यात आवाजात थोडा जोर आला, दुर्बिणीत डावी स्वररज्जू किंचित हलताना दिसली. हालचाल परत येते आहे हे दिसल्यावर, स्वररज्जूत भराव टाकून ती मध्याकडे आणण्याचा जो पर्याय तयार ठेवला होता, तो बाजूला ठेवला. अकराव्या आठवड्यात दोन्ही रज्जू सारख्या हलू लागल्या. वरच्या पट्टीत आवाज लवकर थकतो, ही तक्रार आणखी काही महिने राहिली आणि मग गेली.

गाठ? सहा महिन्यांनी ०.७ मिलि, म्हणजे ९७ टक्के घट. टीएसएच सामान्यच राहिलं.

वर्षभराने एक वेगळाच प्रसंग आला. बाईंनी दुसरीकडे सोनोग्राफी केली आणि अहवालात ‘काळपट, कडा अनियमित, मागे सावली, कर्करोगाचा संशय, सुई तपासणी करावी’ असं लिहून आलं. त्या घाबरून आल्या. इथेनॉलने सुकलेली गाठ पडद्यावर नेमकी अशीच दिसते: आतला भाग मेलेला, तंतूंनी भरलेला, आकसलेला. मागचा इतिहास माहीत नसलेला कोणताही सोनोग्राफर संशयच लिहील आणि त्यात त्याची चूक नाही. आधीच्या प्रतिमा शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. जागा तीच, आकार सतत घटता, रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत आत प्रवाह नाही, आणि उपचाराआधी घन भागाची तपासणी सौम्य. पुन्हा सुई टोचली नाही, सहा महिन्यांनी माप घेतलं, ते आणखी घटलेलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

इथेनॉल निवडणं बरोबर होतं, असं मी आजही म्हणेन. पहिल्या सत्रात बदलण्यासारखं मला फारसं दिसत नाही. एक सोडून: आवाज चांगला होता म्हणून स्वररज्जूंची तपासणी आधी केली नव्हती. एक रज्जू बंद असूनही आवाज जवळपास ठीक असलेली माणसं असतात. विरुद्ध बाजूची रज्जू आधीच बंद असती, तर दुसऱ्या सत्रानंतर प्रश्न श्वासाचा झाला असता. पाच मिनिटांच्या दुर्बिणीने किंवा मानेवरच्या सोनोग्राफीनेही हे कळतं. शिक्षक, गायक, वकील, विक्रेते अशा लोकांत तर हे करायलाच हवं, आणि मानेची शस्त्रक्रिया झालेल्या प्रत्येकात.

दुसऱ्या सत्राआधी थांबता आलं असतं. एका महिन्याऐवजी तीन महिन्यांनी माप घेतलं असतं, तर ४ मिलिची गाठ स्वतःहून आटलेली दिसली असती, असं खात्रीने म्हणता येत नाही. पण डॅनिश चाचणीतले सलाइनवर बरे झालेले रुग्ण आणि या गाठीची पहिल्या महिन्यातली घसरण बघता ती शक्यता बरीच होती. वाट बघण्यात तोटा एवढाच होता की भरली असती तर ती तीन महिन्यांनी कळली असती. बाईंना हे या शब्दांत सांगितलं असतं, तर त्या थांबल्या असत्या असं मला वाटतं. त्यांना पुन्हा भरण्याची भीती होती. पडद्यावर गाठ शून्य दिसावी, असा त्यांचा हट्ट नव्हता.

समजा दुसरं सत्र करावंच लागलं असतं, तरी नुसता द्रव काढून सलाइनने धुऊन थांबणं हा मधला मार्ग होता. इथेनॉलच द्यायचं तर मागच्या भिंतीपासून पुढे, पडद्याच्या पुढच्या कप्प्यात, थेंबाथेंबाने. प्रत्येक टप्प्यावर रुग्णाला एक वाक्य बोलायला लावायचं, म्हणजे आवाज बदलला तर लगेच कळतो. सुई पोकळीत असताना ठसका लागेल असं वाटलं तर हात वर करा, हेही आधी ठरवून ठेवता येतं.

आता आमच्या संमतीपत्रात आवाजाबद्दलची ओळ बदलली आहे. क्वचित आवाज बसू शकतो, तो परत यायला काही आठवड्यांपासून काही महिने लागू शकतात आणि फार विरळा तो पूर्ण येत नाही, असं तिथे लिहिलेलं आहे. शेजारी रुग्णाचा व्यवसाय आणि पुढच्या तीन महिन्यांत आवाजाची गरज असलेलं मोठं काम आहे का, हे लिहायला जागा आहे. उपचार संपल्यावर रुग्णाच्या हाती एक पान देतो: गाठ कोणत्या बाजूला, किती मिलि, घन भागाच्या तपासणीचा निष्कर्ष, इथेनॉल कधी आणि किती दिलं, आणि ‘ही गाठ पुढे सोनोग्राफीत संशयास्पद दिसेल, आधीच्या प्रतिमांशी तुलना करूनच निर्णय घ्यावा’ अशी नोंद. दुसऱ्या सत्राचा निर्णय मात्र आम्ही तीन महिन्यांच्या मापाआधी घेत नाही, आणि तेव्हाही पहिला प्रश्न रुग्णाला विचारतो: त्रास किती उरला आहे?